एक जूनच्या मायलेकी

तलासरीहून आत चार किलोमीटरवर एक पाडा आहे. तिथल्या अंगणवाडीत मदतनीस असलेली बारकी २०१७ च्या फेब्रुवारीत मस्कतला निघाली. तिची लेक सुनिता तिकडच्या एका इस्पितळात नर्स होती. तिला आठवा महिना सरत आला होता आणि बाळंतपणाला आईच पाहिजे, असा तिने हट्ट धरला होता. व्हिसा तिने तिकडून काढला, येण्याजाण्याचं तिकीटही काढलं. इकडचं सगळं, म्हणजे पासपोर्ट, फोटो, झेरॉक्सा आणि डहाणू रोडला मारलेल्या फेऱ्या, हे गोपीनाथ गुरुजींनी अंगावर घेतलं.

गोपीनाथ गुरुजी पाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं होते. आता निवृत्त होऊन मसोलीला राहत. बारकीसाठी ते इतके का राबतात याचं पाड्याला नवल वाटे. पण त्या दोघांमध्ये एक गुपित होतं.

झालं होतं असं. १९९९ मध्ये पाड्यात अंगणवाडी मंजूर झाली. मदतनीस तिशीच्या आतली हवी, अशी अट होती. बारकी तेव्हा चाळिशीला टेकलेली. नवरा वारलेला, पदरात दोन मुलं, आणि पाड्यातल्या सगळ्या पोरांना अंघोळ घालून, शेंबूड पुसून शाळेत आणून बसवणारी तीच. गुरुजींनी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढलं. एका पानावर एक ओळ कोरी राहून गेली होती. तिथे त्यांनी बारकीचं नाव लिहिलं आणि जन्मतारीख टाकली, एक जून एकोणीसशे बहात्तर. म्हणजे सत्तावीस वर्षं. मग त्या ओळीवरून शाळा सोडल्याचा दाखला दिला. आयुष्यात गुरुजींनी केलेली एवढीच लबाडी, आणि तिच्या आठवणीने त्यांना अजून घाम फुटे. बारकीला मात्र कधी काही वाटलं नाही. तालुक्याहून आलेल्या मुख्यसेविकाबाईंनी दाखला पाहिला, बारकीला पाहिलं, आणि तिच्या हातचा चहा पिऊन सही केली.

पासपोर्ट त्याच दाखल्यावर निघाला. बारकी दहावी झालेली नव्हती, म्हणून त्यावर 'ईसीआर' हा शेरा आला. असा शेरा असला की आखाती देशांत जाताना माणसाची जास्त चौकशी होते. पन्नाशी उलटलेल्यांना तो लागत नाही. खऱ्या वयाने बारकी त्यातून केव्हाच सुटली असती. कागदावर ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

"गुरुजी, तुम्ही मला फार तरणी केलीत," पासपोर्ट बघून ती म्हणाली होती.

"हळू बोला बारकीबाई," गुरुजी म्हणाले होते.

पहाटे जीप करून दोघं निघाले. हायवेने विमानतळावर पोचायला नऊ वाजले. आत फक्त तिकीटवाल्यांना सोडत होते. दारापाशी गुरुजींनी तिच्या हातात प्लास्टिकची फाइल दिली. पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट, सुनिताच्या पासपोर्टची झेरॉक्स, आणि विमान कंपनीने व्हिसा आधीच तपासून दिलेला 'ओके टू बोर्ड'चा कागद, सगळं ओळीने लावलेलं.

"विचारतील तेवढंच सांगायचं," गुरुजी म्हणाले. "जास्त गंमत करायची नाही."

"आणि तुम्ही तोंडच उघडायचं नाही," बारकी म्हणाली आणि आत गेली.

काउंटरवर नीलम नावाची मुलगी होती. कागद बघता बघता तिने सहज विचारलं, "जन्मतारीख काय मावशी?"

"एक जून बहात्तर." हे बारकीने पाठ केलेलं होतं.

"आणि मुलीची?" झेरॉक्सवर डोळा ठेवून नीलमने विचारलं.

"एक जून चौऱ्याऐंशी."

"दोघी एक जूनच्या?"

"आमच्या पाड्यात सगळेच एक जूनचे. माझा पोरगा, दीर, दोन्ही जावा. सुईण त्या दिवशी जेवतसुद्धा नसे."

नीलमला हसू आलं. पण बोटांवर हिशेब करताना ते मावळलं. "मावशी, म्हणजे मुलगी झाली तेव्हा तुम्ही बारा वर्षांच्या होतात?"

खरं वय सांगावं तर नोकरी जाणार. शिवाय गुरुजींच्या पेन्शनीचं काय होईल कोण जाणे. हो म्हणावं, तर बाराव्या वर्षी आई झाल्याचं कबूल करावं लागणार. तिने चेहरा अगदी भोळा केला.

"वजाबाकी मला येत नाही बाय. मी मदतनीस. वजाबाकी सेविका करते."

मागे वलसाडचं एक कुटुंब चार ट्रॉल्या घेऊन उभं होतं. त्यातले काका वैतागून म्हणाले, "बेन, जल्दी करो ने!"

"शांती राखो ने भाई," बारकी वळून म्हणाली. "हुं अहीं जन्म लउं छुं." ही इथे जन्म कसा घेतेय, ते काकांना काही कळलं नाही. पण आपल्याच भाषेत उत्तर आलं म्हणून ते गप्प बसले.

नीलमने सुपरवायझरला बोलावलं. अनिकेत त्याचं नाव, वय तिशीच्या आतबाहेर. त्याने कागद पाहिले, ईसीआरचा शेरा पाहिला, बारकीच्या पायांतली नवी चप्पल पाहिली आणि तिला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर उकिडवा बसला.

"मावशी, घाबरू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्हाला कुणी पाठवलंय का? खोटी मुलगी दाखवून, पाहुणी म्हणून बायकांना नेतात. तिकडे पासपोर्ट काढून घेतात आणि घरकामाला डांबून ठेवतात. मागच्या महिन्यात मीच एकीला अडवलं. ती रडत होती, तरी एजंटचं नाव सांगेना."

बारकी इतका वेळ आतल्या आत मजा घेत होती. आता तिला बरं वाटेना. हा पोरगा आपल्याला त्रास द्यायला बसलेला नाही, आपल्यासाठी घाबरलाय, हे तिला कळलं.

"माझीच पोर आहे ती, पोरा," ती म्हणाली. "खरंच."

"मग बाहेर ते कोण आहेत?"

बारकीने वळून पाहिलं. काचेपलीकडे गुरुजी उभे होते. पांढरा सदरा, काखेत काळी बॅग, डोळ्यांवर गॉगल. ते हातवारे करून फाइलमधला तिसरा कागद दाखवा, तिसरा, असं सुचवत होते. कुणीही त्यांना एजंट म्हटलं असतं.

"ते गुरुजी," बारकी म्हणाली. "त्यांना काही विचारू नका हं. त्यांना बोलायला जमत नाही."

हे ऐकून अनिकेत तडक दारापाशी गेला.

"तुम्ही ह्या बाईंचे कोण?"

"मी गुरुजी," गुरुजी म्हणाले आणि तोंड उघडल्याबद्दल लगेच पस्तावले.

"तुम्ही त्यांना शिकवलंत?"

"छे, छे. त्यांच्या मुलांना."

"मग ह्यांचा आणि तुमचा काय संबंध?"

"मी ह्यांचं नाव शाळेत घातलं."

"कधी?"

गुरुजींना खोटं सुचत नसे. "नव्व्याण्णवला."

"तेव्हा ह्या किती वर्षांच्या होत्या?"

"सत्तावीस."

"सत्तावीस वर्षांच्या बाईला तुम्ही पहिलीत घातलंत?"

"पहिलीत नाही, रजिस्टरात," गुरुजी म्हणाले. त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली. दारावरच्या जवानाने त्यांची काळी बॅग उघडायला लावली. आत चष्म्याचं घर, वर्तमानपत्र आणि दोन केळी निघाली.

अनिकेत परत आला तेव्हा त्याचा चेहरा बारकीला बघवेना. विमानाला दीड तास उरला होता. गुरुजींनी काय काय सांगितलं असेल, याचा तिला अंदाज आला. नोकरीही जाते आणि विमानही जातं, असं तिला वाटलं. सुनिताच्या पहिल्या खेपेला मूल गेलं होतं. तेव्हा ती परक्या देशात एकटी होती, हे बारकीने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने ते आताही सांगितलं नाही. पण डोळे पुसले, आणि अनिकेतने ते पाहिलं.

त्याने व्हिसाच्या कागदावरचा नंबर काढला. बारकीने दिलेला नंबर घेतला नाही. फोन लावून तो चार पावलं लांब गेला. पलीकडे सुनिताच होती.

"मॅडम, मी विमानतळावरून बोलतोय. तुमच्या आई इथे आहेत. त्यांच्या सामानात काय असेल, सांगू शकाल?"

सुनिताने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "नागलीचं पीठ, मेथ्या, डिंक, बाळाला जुन्या लुगड्याची दुपटी. आणि सुकट."

"सुकट?"

"मी दहा वेळा सांगितलंय, आणू नकोस म्हणून. त्यामुळे ती नाही म्हणेल. तुमच्या तोंडावर नाही म्हणेल, सर. पण आहे. चिंचणीच्या बाईकडून घेतली असणार. तळाला बघा, बेबी पावडरच्या डब्यात असेल. वास लपवायला."

अनिकेत खुर्चीपाशी आला. "मावशी, बॅगेत सुकी मासळी आहे का?"

"नाही," बारकी म्हणाली. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"नक्की?"

"देवाशप्पथ. पोरीने नको सांगितलंय. मी कशी नेईन?"

तिच्याच समोर बॅग उघडली. नागली निघाली, मेथ्या निघाल्या, डिंक निघाला. तळाला पावडरचे दोन मोठे डबे होते. नीलमने एकाचं झाकण फिरवलं आणि नाकाला रुमाल लावला. वलसाडच्या काकांच्या ट्रॉल्या दोन हात मागे सरकल्या.

बारकी डब्याकडे बघत राहिली. "हे कुणी ठेवलं?" ती म्हणाली.

अनिकेतला हसू आवरेना. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"घातलीस ना?" सुनिताचा आवाज आला. "घातलीसच ना, आई?"

"थोडी आहे ग. बाळंतिणीला लागते."

"मी इथे शेजाऱ्यांना काय तोंड दाखवू?"

"माझं दाखव. मी येतेच आहे. तू उभी आहेस का? बस आधी. पाय सुजलेत का? खरं सांग."

"सुजलेत थोडे."

"मीठ खातेस म्हणून. तुला सांगितलं तर ऐकतेस कधी?"

मायलेकींचं हे बराच वेळ चाललं असतं. अनिकेतने मध्ये पडून विचारलं, "मॅडम, शेवटचं. आईंचं वय किती?"

"कागदावर चव्वेचाळीस," सुनिता जपून म्हणाली.

"आणि खरं?"

"खरं म्हणजे सर, त्याचं असं आहे, आमच्याकडे..."

"नको, राहू दे," अनिकेत म्हणाला. त्याने पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट आणि ओके टू बोर्ड पुन्हा एकेक करून पाहिलं. नाव सगळीकडे एकच होतं, तारीखही एकच होती. "मला आई खरी आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. अशी भांडणारी मुलगी एजंटला मिळायची नाही."

नीलमने डब्यांवर चिकटपट्टीचे सात-आठ वेढे मारले, वर दोन पिशव्या बांधल्या. बॅग पट्ट्यावरून गेली. बोर्डिंग पास देताना ती हळूच म्हणाली, "मावशी, त्या चिंचणीच्या बाईचा नंबर आहे का?"

"परत आले की देईन," बारकी म्हणाली. "तूच ये पाड्यावर. पण एक जूनला येऊ नको. सगळ्यांचे वाढदिवस असतात, बसायला जागा नाही मिळणार."

काचेपलीकडे गुरुजी अजून उभे होते. अनिकेतने त्यांना अंगठा दाखवला. ते जे खाली बसले ते जवानाने उठवेपर्यंत उठलेच नाहीत. मग बॅगेतलं एक केळं जवानाला देऊन, दुसरं खात ते जीपकडे गेले.

पुढे इमिग्रेशनवाल्याने ईसीआरचा शेरा पाहून परतीचं तिकीट मागितलं, कुणाकडे जाता ते विचारलं. बारकीने अगदी विचारलं तेवढंच सांगितलं. त्याने शिक्का मारला.

विमानात तिला खिडकी मिळाली, पण तिने बाहेर फारसं पाहिलं नाही. मस्कतला पुन्हा असंच विचारतील म्हणून ती वाटभर तयारी करत होती. बाराव्या वर्षी पोर कशी झाली यावर तिने तीन उत्तरं बसवली. त्यातलं एक तर इतकं छान होतं की तिला एकटीलाच हसू येत होतं. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं.

मस्कतच्या खिडकीत पांढरा झगा घातलेला एक तरुण बसला होता. त्याने पासपोर्ट घेतला, पडद्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि पासपोर्ट परत केला. एक शब्द बोलला नाही.

बारकी तिथेच उभी राहिली. त्याने हाताने पुढे जा असं दाखवलं. ती तरी हलेना. "काही विचारायचं नाही?" तिने मराठीतच विचारलं. तो हसला आणि मागच्या माणसाला बोलावू लागला.

बाहेर सुनिता कमरेवर हात ठेवून उभी होती, पाय खरंच सुजलेले. बारकीने बॅग खाली ठेवली आणि आधी तिचे पायच चाचपून पाहिले, गर्दीत, सगळ्यांसमोर. सुनिता "आई, ऊठ ग," म्हणत राहिली. मग आईला उठवण्याच्या निमित्ताने तिने तिला घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.