टिचकीवाला आला आणि माझं नाव गेलं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. पण जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. डेन्मार्कमधल्या एका इस्पितळात, यकृताच्या विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. समोरासमोर बसून दोघांनी एकच काचपट्टी पाहायची, भांडायचं आणि मग खरं काय ते ठरवायचं, यासाठी मला घडवलं.

भांडणारे दोघे ठरलेले होते: यकृताच्या आजारांवर संशोधन करणारी डॉक्टर मेरेते आणि पेशी तपासणारा प्रेबेन. रोग्याच्या यकृतातून सुईने काढलेला दोऱ्याएवढा तुकडा माझ्याखाली येई.

"हे व्रणच आहेत," मेरेते म्हणे.

"आधी चष्मा पूस गं बाई," प्रेबेन म्हणे.

त्या भांडणांतून मेरेतेचे शोधनिबंध निघाले. प्रत्येकाचं पहिलं पान चौकटीत बसून बोळाच्या भिंतीवर लागे, आणि निबंध स्वीकारला गेला की शुक्रवारी मेरेते सगळ्यांसाठी केक आणी. आनंद ज्याचा, केक त्याचा, अशी इथली रीत आहे. आणि त्या प्रत्येक निबंधात माझं नाव असे! विभागाची सेक्रेटरी बीर्ते रोज संध्याकाळी मला पुसून वर कापड घाली. "झोप रे म्हाताऱ्या," म्हणे.

मग तो आला. चाकांवरचा, गोरागोमटा, झगझगीत पडदेवाला. मडकं घेताना टिचकी मारून पाहतात ना, तसा तो बरगड्यांवर टिचक्या मारतो आणि यकृत किती कडक झालंय त्याचा आकडा सांगतो. सुई नको, तुकडा नको, म्हणजे मीही नको. मी त्याचं नाव टिचकीवाला ठेवलं. माझा नुसता जळफळाट झाला, का होऊ नये? निबंध भराभर निघू लागले, भिंत भरत चालली आणि जिकडेतिकडे त्याचंच नाव. माझ्या कापडावर लोक आपले कोट टाकायला लागले. बीर्तेसुद्धा आधी त्याचा पडदा पुसायची.

तुलनेसाठी त्याला धडधाकट माणसंही लागत. रोगी सकाळी उपाशीपोटी येत. विभागातली मंडळी मात्र शुक्रवारी दुपारी, तो मोकळा झाला की आडवी होत. अशीच बीर्ते आडवी झाली आणि आकडा चढला.

"मशीनचं डोकं फिरलंय," ती हसली.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा मोजलं. आकडा आणखी वर! आता बीर्ते हसली नाही. "मी तर दारूला शिवतही नाही गं, मेरेते." मेरेतेने जड मनाने सुईची तपासणी सांगितली.

आणि माझ्यावरचं कापड उठलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की टिचकीवाला तोंडघशी पडू दे. मग काचपट्टीवरचं बीर्तेचं नाव दिसलं आणि तेच मागणं मी दुप्पट जोराने मागितलं.

दोघे बसले. न भांडता त्यांनी तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"स्वच्छ आहे," शेवटी प्रेबेन म्हणाला. "माझ्या यकृतापेक्षा झकास."

"मग आकडा चढला कसा?"

प्रेबेनने दारात उभ्या असलेल्या बीर्तेला विचारलं, "मोजायच्या आधी काय खाल्लं होतंस?"

"केकच की! मेरेतेचा. दोन्ही वेळा."

खाल्ल्यावर यकृताकडे रक्त धावतं आणि ते ताठरतं. रोग्यांना उपाशी या म्हणून रोज बजावणारी मेरेते घरच्या माणसांना सांगायलाच विसरली होती.

"अगं बाई! म्हणजे आपली सगळी धडधाकट माणसं केक चापून मोजलेली!"

बीर्ते रडता रडता हसायला लागली. मेरेते बोळात गेली आणि ज्या निबंधात ही माणसं मोजली होती, त्याची चौकट तिने स्वतःच्या हाताने उतरवली.

पुढे त्याची दुरुस्ती छापून आली. इनमिन चार ओळी, पण त्यांत माझं नाव आहे! टिचकीवाल्याचंही आहे म्हणा, पण ते कशासाठी ते तुम्हाला ठाऊक आहेच. मेरेतेने ती त्याच रिकाम्या खिळ्यावर टांगली. दुरुस्तीसाठी कोणी केक आणत नाही. बीर्तेने आणला आणि दरडावलं, "आधी आडवे व्हा, मग खा!"

मित्रांनो, टिचकीवाला कामाचा आहे. कितीतरी रोग्यांची सुई त्याने चुकवली, हे मलाही कळतं. तरी मी जळतोच. तुम्ही नवं जरूर आणा, पण जुन्याची काच पुसत जा. नव्याने घाबरवलं की तुम्हाला त्याच काचेतून पाहायचं असतं.

आणि संध्याकाळी बीर्ते आता आधी कोणाला पुसते, विचारा ना. मला!