हळदीचे बारा वाफे

मालनबाईंच्या माहेरच्या हळदीला नावं ठेवायची वसमतच्या पंचक्रोशीत कुणाची छाती नव्हती. म्हणून शेतकी कॉलेजात शिकणारी नात सपना तीच हळद अन् दुसऱ्या दोन अशा तीन जाती शेजारीशेजारी लावून पारखते म्हणाली, तेव्हा म्हातारीला ते झोंबलंच. प्रत्येक जातीचे चार वाफे, कोणता कुठं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. खतपाणी सगळ्यांना बराबर.

हळद निघाली, वाफ्यावाफ्याची वजनं झाली, अन् आज ओसरीवर बचत गटाच्या बाया जमल्या होत्या. सपनानं लॅपटॉप उघडला.

"ह्या हिशेबाला अनोव्हा म्हणतात. एकाच जातीच्या चार वाफ्यांत वजनाचा फरक थोडा हाय. जातीजातीत मात्र लई. एवढा फरक निव्वळ योगायोगानं सहसा पडत न्हाई. मग एकेक जोडी वेगळी ताडून बघितली. आजीचं बेणं बाकीच्या दोन्ही जातींवर भारी."

"मी काय म्हणत व्हते?" मालनबाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला नाही.

समोर संगिता होती. अर्ध्या एकरावर एकटीनं दोन लेकरं पोसणारी. "मावशी, मग मी लावायला ठेवलेलं माझं बेणं आजच शिजवून विकते. औंदा तुमचंच लावते."

मालनबाई सपनाकडं वळल्या.

"फरक काहून पडला, तेबी सांगतं का गं तुझं मशीन?"

"न्हाई आजी. फरक हाय, एवढंच सांगतं. कशानं पडला ते वावरात काय केलं त्यावर. बाकी सगळं आपण बराबर ठेवलं, म्हणून बेण्यानं म्हणायचं."

संगितानं चपला पायात सरकवल्या.

"बस खाली, भवाने! कढई काय पळून चालली का?" मालनबाई कडाडल्या. मग जमिनीकडं बघत म्हणाल्या, "माझ्या वाफ्यांत मी शेणखत जास्तीचं घातलं. दोन-दोन टोपल्या. सपे, तू परीक्षेला गेली व्हतीस तवा."

सपनाचा चेहरा उतरला. "चारही वाफ्यांत?"

"चारही."

"दुसऱ्या जातीच्या एकातबी न्हाई?"

"त्यांना काहून घालू?"

"मग बेण्याचा गुण किती अन् खताचा किती, हे आता कोणतंच गणित वेगळं करू शकत न्हाई. वरीस गेलं माझं."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मालनबाईंनी मान वर केली. "हसा, खुशाल हसा. पण संगिते, तुझं बेणं शिजवू नको."

संगितानं होकाराची मान हलवली अन् निघून गेली.

सपनानं वाफ्यांच्या नोंदीची वही ओढली. आजीकडं न बघताच विचारलं, "कोणत्या महिन्यात टाकलं? खरं सांग."