विसाव्याची वजाबाकी

खुशालरावांचा ठेका मागं पडतो आहे, असं पहिल्यांदा म्हणाली ती स्वराली, आणि तेही चाचरत चाचरतच. खुशालरावांना असं म्हणणं म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यात शाल मागण्यासारखंच होतं. शाळेत संगीत शिकवता शिकवता माणूस निवृत्त झाला, अर्ध्या वऱ्हाडातल्या गवयांना त्यांनी तबल्याची साथ केली, पण समेवरचा त्यांचा 'धा' चुकला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. गवई चुकले, हार्मोनियमवाले चुकले, एकदा तर ऐन कार्यक्रमात मांडव कलला. खुशालराव समेवर हजर.

मागच्या वर्षी न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला आणि दर शनिवारी अमरावतीला जाणं बंद झालं. अंबापेठेतल्या संगीत विद्यालयात स्वराली गाणं शिकवायची आणि तिला साथीला खुशालरावच हवे असायचे. लहानपणी तीनताल त्यांनीच तिच्या तळहातावर टाळी देऊन शिकवला होता. तेव्हा त्यांची लेक चारुशीला पुढं झाली. ती अमरावतीतल्या एका लहानशा नेटवर्क कंपनीत इंजिनीअर. कंपनीची अमरावती ते अकोला स्वतःची फायबर लाईन होती.

"बाबा, तुमी अकोल्यातच बसा," ती म्हणाली, "तुमचा तबला मी अमरावतीले नेते."

आणि खरंच नेला. लाईनचं एक टोक विद्यालयात, दुसरं जठारपेठेत बाबांच्या बैठकीत, दोन्हीकडे माईक आणि स्पीकर. अकोल्याच्या टोकाची जबाबदारी शुभंकरकडे. शुभंकर म्हणजे चारुशीलाचा नवरा, त्याच कंपनीत, अकोल्याच्या कामावर. आठवडाभर तो सासऱ्यांकडेच राहायचा आणि सुटीला अमरावतीला घरी यायचा. पेठेतले लोक 'घरजावई' म्हणून चिडवायचे. खुशालरावांना मात्र त्याचं कोण कौतुक! जावई ऑफिसातून आल्याशिवाय म्हातारा जेवायला बसत नसे, आणि त्याच्या भाकरीवर तूप घालायचं तर स्वतःच्या हातानं.

सुरुवातीचे महिने असे गेले की विद्यालयातली पोरं डोळे मिटून म्हणायची, सर शेजारच्याच खोलीत बसले आहेत. मग दिवाळीनंतर स्वरालीची कुरकुर सुरू झाली. संथ लयीत कळत नाही, पण लय वाढली की ठेका मागून ओढल्यासारखा येतो. आधी तिला वाटलं आपलंच काही चुकतंय. मग विद्यार्थीही एकमेकांकडे पाहू लागले.

"लाईनचं काही असेल का गं, चारूताई?" स्वरालीनं विचारलं.

चारुशीलाला हा प्रश्न झोंबला. लाईन म्हणजे तिचं लेकरू. तिच्या टेबलावरून दिवसभर चाचणीची पॅकेटं, म्हणजे माहितीचे इवले तुकडे, निघत आणि अकोल्याच्या टोकाला बसवलेल्या यंत्रावर जाऊन पोचत. ते यंत्र एकच काम करी, आलेलं पॅकेट परत धाडायचं. म्हणून त्याला रिफ्लेक्टर म्हणायचे. पॅकेट निघालं कधी आणि परत आलं कधी हे अमरावतीत कळायचं. पॅकेट आपल्याकडे आलं कधी आणि आपण परत सोडलं कधी, हे रिफ्लेक्टर त्याच्यावरच लिहून द्यायचा. एकूण वेळातून यंत्राजवळचं थांबणं वजा केलं की उरला तो रस्त्याचा, जाण्यायेण्याचा खरा वेळ. या थांबण्याला चारुशीला 'विसावा' म्हणायची. विसावा वजा केला नाही तर यंत्राच्या आळसाचं खापर बिचाऱ्या रस्त्यावर फुटतं.

ही वजाबाकी शुभंकरला तिनंच शिकवली होती. लग्नाआधीची गोष्ट, दोघंही नवीन, ऑफिसच्या कँटीनमध्ये.

"समज, मी अकोल्याले गेली अन् परत आली. मधात बाबाकडे जेवली. तं तो वेळ बसच्या नावावर कसा टाकशीन?"

"अन् बाबानं किती वेळ थांबवलं हे कोण सांगन?"

"बाबाच सांगतीन. तेवढा भरवसा तं ठेवाच लागते."

शुभंकर हसला होता. ते हसणं तिला आवडलं होतं, हेही सांगून टाकायला हवं.

तर स्वरालीच्या प्रश्नावर चारुशीलानं स्क्रीन तिच्यापुढं फिरवला. विसावा वजा जाता जाण्यायेण्याचा वेळ चार मिलिसेकंद, कधी पाच. एवढ्याशा उशिरानं गाण्याचा काडीचाही बिघाड होत नाही. लाईन निर्मळ. मग उरलं काय? उरला एका म्हाताऱ्या माणसाचा हात. खुबा मोडलेला, सत्तरी ओलांडलेली. चारुशीलाला वाईट वाटलं, पण शंका आली नाही. आकड्यांवर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

रविवारी ती अकोल्याला गेली, विद्यालयात केलेलं रेकॉर्डिंग घेऊन. शुभंकरही त्या दिवशी तिथंच होता.

"माह्याकडे तं बराबर येते, चारू," खुशालराव म्हणाले. "थे सम घेते अन् माहा धा तिच्या समेवरच पडते. कानानं आयकून राहिलो ना मी."

तिनं रेकॉर्डिंग लावलं. खुशालराव ऐकत राहिले. समेवर स्वराली पोचली आणि धा तिच्या मागून आला, एकदा नाही, दर वेळी. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग जावयाकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुमचं यंत्र काय मनते?"

"लाईन साफ हाये, बाबा," शुभंकर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

"खोटं तं नाई ना बोलत ते?"

"यंत्र कायले खोटं बोलन, बाबा?"

खुशालरावांनी मान हलवली. तबल्यावर गवसणी घातली, डग्ग्यावर घातली, नाड्या स्वतःच बांधल्या. "वय झालं मनायचं," ते म्हणाले. "बरं झालं, घरच्या माणसानंच सांगतलं." आणि मग जावयाच्या ताटात तूप वाढायला उठले, काठी टेकत.

पुढल्या शनिवारी विद्यालयात दुसरा तबलजी बसला. जठारपेठेतल्या बैठकीत तबल्याची जोडी कोपऱ्यात गेली आणि खुशालराव टीव्हीपुढं. फोनवर बोलणं दोन वाक्यांत संपू लागलं. चारुशीला स्वतःची समजूत घालायची, की कुणी तरी सांगायलाच हवं होतं.

होळीच्या सुमारास स्वराली म्हणाली, मला सरांना भेटायचंय. दोघी गेल्या. शुभंकर कामावर गेला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि स्वरालीनं हट्ट धरला की सर, एकदाच, माझ्यासाठी. खुशालराव नाही नाही म्हणाले. शेवटी तिनं स्वतःच गवसण्या सोडल्या आणि गायलाच लागली. तेव्हा म्हातारा काय करणार! बसला.

ठेका पडला. स्वरालीनं लय वाढवली, मुद्दाम आणखी वाढवली. सम आली आणि धा आला, दोन्ही एकाच जागी. पुन्हा आली, पुन्हा तिथंच. तिनं तान वेडीवाकडी फिरवून समेवर आणली, तरी म्हातारा तिथं आधीच बसलेला. स्वरालीचे डोळे भरून आले आणि ती गातच राहिली.

चारुशीला मात्र थिजून बसली. हात बरोबर. लाईन बरोबर. मग उशीर आला कुठून? आणि तेव्हा तिला बाबांचं ते वाक्य आठवलं, माह्याकडे तं बराबर येते. बरोबरच येणार! अमरावतीचा सूर बाबांपर्यंत उशिरा पोचला, तर बाबा त्या उशिरा आलेल्या सुरावर अगदी चोख वाजवतील. त्यांना काहीच खटकणार नाही. तो ठेका परतीच्या वाटेवर पुन्हा रेंगाळेल, आणि जाण्याचा अन् येण्याचा असा सगळा उशीर अमरावतीत एकट्या तबल्याच्या नावावर जमा होईल. जाण्यायेण्याचा वेळ मोजण्याचाच तर ती पगार घेत होती. बाबा खरं सांगत होते आणि तिनं त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तिनं वजाबाकी न केलेल्या नोंदी उघडल्या. पॅकेट निघाल्यापासून परत येईपर्यंत सेहेचाळीस मिलिसेकंद. रिफ्लेक्टरनं लिहून दिलेला विसावा, बेचाळीस. पुढचं पॅकेट, विसावा बेचाळीस. त्याच्या पुढचं, बेचाळीस. ज्या यंत्राला आलेलं परत फेकण्यापलीकडे काही काम नाही, ते इतका वेळ विसावतं कशाला? आणि विसावलंच, तर दर वेळी मोजून तेवढंच कसं?

तिनं मागच्या नोंदी काढल्या. दिवाळीपर्यंत विसावा नावालाच होता. मग बडनेऱ्याजवळ रस्त्याच्या कामात कंपनीची फायबर तुटली. त्या संध्याकाळी शुभंकरचा फोन आला होता, "जोडली, चिंता नको करू." विसावा वाढला तो त्याच दिवसापासून. तिनं पॅकेटांची वाट तपासली. लाईन जोडलीच नव्हती. अमरावतीचा सूर नागपूर, दिल्ली, मुंबई असा दुसऱ्याच्या लाईनवरून वळसा घालून अकोल्याला जात होता आणि त्याच वाटेनं ठेका परत येत होता. तो वळसा तिच्या स्क्रीनवर दिसू नये म्हणून कुणी तरी रिफ्लेक्टरला खोटा विसावा लिहायला लावला होता. आणि रिफ्लेक्टरला हात लावायचा अधिकार एकाच माणसाला होता.

फोन तिनं केला नाही. बस धरली आणि अकोल्याच्या ऑफिसात जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"विसावा बेचाळीस कसा, शुभंकर?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि खुर्चीत बसला.

"आठवड्याचा तं प्रश्न होता, चारू. जोडली मनून वर सांगून बसलो. मंग खोदायची परवानगी अडकली. अन् तेच्यातच इथल्या शाखेचं प्रमुखपद मले देऊन राहिले होते. तुह्या स्क्रीनवर लाल दिसलं असतं, तं सारंच गेलं असतं."

"लाल दिसलं असतं, तं मी लाईन पाह्यली असती. बाबाचा हात नसता पाह्यला."

"मी सांगणारच होतो."

"कवा? बाबानं तबला बांधला, तवा तू तिथीच बसला होता. तुले विचारलं त्यायनं."

"मी खोटं कुठी बोललो?" शुभंकर म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला लाजही वाटली नाही. "यंत्र खोटं बोलत नाई, एवढंच मनलं मी."

चारुशीलाचा संताप संताप झाला. नुसतं साहेबांनाच फसवलं असतं तर ती भांडली असती आणि कदाचित नंतर पोटातही घातलं असतं. पण त्यानं फसवायला निवडलं ते तिनंच शिकवलेलं गणित, तिचाच स्क्रीन आणि तिचंच तोंड. बापाला 'तुमचा हात गेला' हे लेकीच्या तोंडून वदवून घेतलं आणि स्वतः बाजूला बसून मोबाइल पाहत राहिला. केसानं गळा कापला, आणि केस तिचाच वापरला.

त्याच्यासमोरच तिनं अमरावतीच्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग विद्यालयात सांगितलं. शुभंकर मध्येच म्हणाला, "बाबाले नको सांगू. मी सांगतो." त्याच्या सांगण्यावर आता ती काहीच सोपवणार नव्हती.

तिथून ती जठारपेठेत आली. खुशालरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. विसावा, वळसा, बेचाळीस. त्यातलं किती समजलं कोण जाणे. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"जावईबापूले मालूम होतं?"

"हाव, बाबा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. त्याच दारातून जावई रोज संध्याकाळी आत यायचा.

"मंग रोज माह्यासंगं जेवले कसे?" ते म्हणाले.

चारुशीलानं कोपऱ्यातली जोडी ओढून त्यांच्यापुढं मांडली. "बाबा, तुमचा हात बराबर होता. पहिलेपासून बराबर होता. वाजवा."

त्यांनी हात पुसले, तीनताल धरला. ती मांडीवर टाळी देऊ लागली. ठेका स्वच्छ, भरदार, पूर्वीसारखाच. तिला हायसं वाटलं. आणि सम आली तेव्हा खुशालरावांचा हात तबल्यावरच्या काळ्या शाईच्या किंचित वर थबकला. निमिषभरच. मग धा पडला. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"बराबर आला का, चारू?"

उभ्या आयुष्यात त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. गवई त्यांना विचारायचे.

"आला, बाबा. एकदम बराबर."

"मांगच्या बारीही तूच सांगतलं होतं, पोरी," खुशालराव म्हणाले, आणि हातोडी घेऊन सुरात असलेला तबला पुन्हा ठोकून पाहू लागले.