सगळीच गळतात

तिनं झाडं कापायचं तिसरं चेनसॉ मशीनही उचलून पाहिलं आणि पुन्हा मिस्त्रीच्या दुकानातल्या बाकड्यावर ठेवलं. तिन्ही केशरी, तिन्ही एकाच कंपनीची, तिन्हींच्या मुठी वापरून काळ्या पडलेल्या.

“ओळख पटते का, वहिनी?” मिस्त्रीनं विचारलं.

पटत नव्हती. बावीस वर्षं ज्या मशीननं घरात सवतीसारखी जागा अडवली, तेच आज तिला ओळखू येईना. तिचा नवरा झाडं तोडायच्या कामावर होता. त्याला जाऊन महिना झाला. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही तो पोचला नाही. मशीन त्याच्या आठवडाभर आधीच इथे दुरुस्तीला टाकलेलं होतं.

“चिठ्ठ्या बांधल्या होत्या हो मी,” मिस्त्री ओशाळून म्हणाला, “पण तेलात भिजून अक्षरंच गेली. बाकीचे दोघे संध्याकाळी न्यायला येतील. तसं बघायला गेलं तर तिन्ही सारखीच आहेत. तुम्ही कुठलंही न्या.”

“कुठलंही नको. यांचंच हवं.”

कपडे वाटून झाले होते, चपला कुणीतरी परस्पर टाकून दिल्या होत्या. रोज त्याच्या हातात असायचं असं हे एकच उरलं होतं. दुसऱ्याच कुणाचं तरी घरी नेऊन त्याच्याकडे बघत बसायचं, हे तिला नको होतं.

मग तिला एकदम सुचलं.

“आमचं गळतं,” ती म्हणाली. “ठेवाल तिथे तेलाचं थारोळं. बघा, ज्याच्याखाली ओलं असेल ते आमचं.”

मिस्त्रीनं एकेक उचलून दाखवलं. तीन मशिनं, तीन डाग.

“सगळीच गळतात, वहिनी. साखळीला तेल लागतं ना, ते ठेवल्यावर झिरपतंच. त्यात बिघाड काही नसतो.”

शब्दन्‌शब्द हेच तिचा नवरा सांगायचा. ‘अगं, सगळीच गळतात.’ आणि ती म्हणायची, लोकांची नाही गळत ती, तुमचंच बरं गळतं, माणूस गबाळा असला की असंच व्हायचं. शेजारणीच्या देखतसुद्धा तिनं त्याला यावरून घालूनपाडून बोलून घेतलं होतं. तो हसायचा आणि फडकं शोधायला जायचा, तोवर ती स्वतःच पुसून मोकळी व्हायची. तिला वाटायचं, निगरगट्ट आहे, या कानानं ऐकतो आणि त्या कानानं सोडून देतो. खोटं बोलत नव्हता बिचारा. हे कळायला तिला दुकानात यावं लागलं, आणि आता चुकले म्हणायला घरी कुणी नव्हतं.

तिचे डोळे भरून आले.

“थांबा, थांबा, गळण्यावरून आठवलं,” मिस्त्री म्हणाला आणि वाकून तेलाच्या टाक्यांची झाकणं बघायला लागला. दोन मळकट होती. एक कोरं करकरीत.

“हे घ्या. हेच तुमचं. गळतं म्हणून तक्रार घेऊन येणारा माणूस मला उभ्या जन्मात एकच भेटला. चार वेळा आला. मी घसा फोडून सांगायचो, अरे बाबा, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तरी आपलं याचं, वॉशर बदल, नळी बदल. शेवटी मीच कंटाळून हे झाकण नवं बसवलं.”

“त्यांना माहीत होतं ना, सगळीच गळतात ते?”

“न माहीत असायला काय झालं! म्हणाला, ‘मला कळतं रे. पण ती फरशी पुसायला वाकते ना, तर उठताना भिंत धरते. तेवढं बघ काहीतरी.’”

तिनं ते मशीन जवळ ओढून घेतलं. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक खडखडत गेला.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

“काय?”

“ते म्हणाले ते. ते म्हणाले तसंच.”

मिस्त्रीनं हात पुसले, स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि पहिल्यापासून सांगितलं.