पत्त्यांच्या रकान्यातली तिसरी ओळ

‘ही एक,’ तो म्हणाला आणि बायकोच्या नावात घुसलेल्या जादा अक्षराभोवती त्याने तांबड्या पेन्सिलीने गोल काढला.

जेवणाच्या टेबलावर तिच्या पत-अहवालाची सात पानं पसरली होती. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवल्यावर आता तिला स्वतःची लॅब काढायची होती. कर्जाचा अर्ज करण्याआधी रिपोर्टात चुका नाहीत ना ते बघून घ्या, असं बँकेतल्या बाईंनी बजावलं होतं. तो छापखान्यात मुद्रितशोधक; चुका शोधणं त्याच्या हातचा मळ.

‘ही दुसरी. स्कूटरचं कर्ज फेडून सहा वर्षं झाली आणि हे लोक अजून चालूच दाखवतायत.’ त्याने पान उलटलं. मोहिमेवर निघाल्यासारखा त्याचा चेहरा खुलला होता. ‘आता पत्ते. हा आपला. हा तुझ्या माहेरचा. आणि हे बघ! रंगाऱ्याच्या दुकानावर, दुसरा मजला. गावसुद्धा भलतंच! कुणाचा पत्ता कुणाच्या गळ्यात बांधतील, नेम नाही.’

पेन्सिल त्या ओळीवर टेकली. अर्धा गोल झालाही.

‘त्याला गोल काढू नका,’ नखात अडकलेलं प्लास्टर खरवडत ती म्हणाली.

‘का?’

‘तो पत्ता माझाच आहे.’

त्याने चष्मा काढला.

‘अकरा वर्षांपूर्वी आई आजारी आहे म्हणून गेले होते ना? आई ठणठणीत होती. त्या गावात एका दातांच्या डॉक्टरांकडे काम मिळालं होतं. खोली घेतली. बँकेतला पत्ताही बदलला.’

‘किती दिवस होतीस?’

‘एकोणीस.’

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. 

‘मी काय केलं होतं?’

‘मोठं असं काहीच नाही,’ ती म्हणाली. ‘चारचौघांत मी काही सांगायला लागले की मध्येच माझे शब्द दुरुस्त करायचात. मी चिठ्ठी ठेवून गेले, तर संध्याकाळी तिच्यावर खुणा. एक दिवस वाटलं, कुणी न तपासता बोलून बघावं.’

‘मग बोललीस?’

‘खूप. पण घरमालकीण बहिरी होती.’

त्याला हसू फुटलं. तीही हसली. मग त्याने चष्मा पुसायला घेतला, आणि बराच वेळ पुसतच राहिला.

‘परत का आलीस?’

‘एका आजोबांनी कवळी उलटी बसवली आणि ती चावते म्हणून आमच्याशी भांडायला आले. सगळा दवाखाना हसत होता. मला वाटलं, हे घरी जाऊन सांगायला हवं.’ तिने पानं गोळा करून टेबलावर ठोकून सारखी केली. ‘तुम्ही मध्येच टोकणार, हे ठाऊक असूनही वाटलं.’

‘कधी सांगितलं नाहीस ते.’

‘सांगितलं असतं, तर आजोबा कुठे भेटले हेही सांगावं लागलं असतं.’

तो उठला, खण धुंडाळून खोडरबर घेऊन आला आणि त्याने तिसऱ्या ओळीवरचा अर्धा गोल पुसला. कागदावर गुलाबी डाग राहिला. त्यावर त्याने एकदा अंगठा फिरवला आणि पान बाजूला ठेवलं.

तक्रारीचा अर्ज तिनेच भरायला घेतला. शेवटच्या चौकटीत तिने लिहिलं: ‘नावात आणि स्कूटरच्या कर्जात चूक आहे. कृपया दुरूस्ती करावी.’ मग कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने वाचलं. ‘दु’च्या पुढचा ‘रू’ दीर्घ पडला होता. पेन्सिल त्याच्या बोटांत होती. त्याने पुन्हा एकदा वाचलं, सावकाश.

‘ठीक आहे ना?’ तिने विचारलं.

‘छान लिहिलंयस,’ तो म्हणाला. ‘खाली सही कर.’