भिंतीवरची पांढरी रेषा

पालीजवळच्या धरणाच्या भिंतीवरून सकाळी फिरून येणे हा राधाकिशनरावांचा निवृत्तीनंतरचा नेम होता. पत्नी वच्छलाबाई गेल्यापासून मात्र त्या फेरीपलीकडे दिवसात काही उरले नव्हते. सोबतीला तिचा कुत्रा, भुऱ्या. घरात दोघांशीही बोलणारे कोणी नव्हते.

भिंतीवर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावत. मागून हाक येई, "आबा, साइड!" राधाकिशनराव कडेला सरकत, भुऱ्या आपसूक खाली बसे, आणि ते म्हणत, "जा लेकी, जा." हे शब्द कानी पडल्याशिवाय भुऱ्या उठत नसे. दिवसभरात त्यांच्याशी कोणी बोलले, तर ते तेवढेच.

एका धुक्याच्या सकाळी हाक येण्याआधीच त्या मुलींतली वैष्णवी जवळ आली. भुऱ्या नेमका वाट ओलांडत होता. त्याच्या गळ्यातले लांब दावे तिच्या पायांत अडकले आणि ती पालथी पडली. गुडघा फुटला.

"आबा, दावं आखूड धरा की," ती रडू आवरत म्हणाली. "बकरी चारायला सोडल्यावानी सोडताव. माझं भरतीचं ग्राउंड जवळ आलंय, धावायची परीक्षा हाय."

"त्या भुऱ्यालाच भरती करा," तिची मैत्रीण मोहिनी म्हणाली. "आपल्यापेक्षा लई पळतंय त्ये."

कोणी हसले नाही. दावे वच्छलाबाईंनीच लांब ठेवले होते, कुत्र्याला चार ठिकाणी हुंगता यावे म्हणून. राधाकिशनरावांनी ते त्याच दिवशी मनगटाला गुंडाळून आखूड केले.

त्यांची उभी हयात पाटबंधारे खात्याच्या कामावर गेली होती. अडचण दिसली की उपाय काढायचा, हा स्वभावच झालेला. त्यांनी गावातून चुन्याची फक्की आणली, सुतळी ताणली आणि वाटेच्या मधोमध रेषा ओढली. पाण्याकडची बाजू धावणाऱ्यांना, उताराकडची चालणाऱ्यांना आणि जनावरांना. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्यांनी ती समजावून सांगितली. सर्वांना पटली. त्या समजावण्यात दोन सकाळी बऱ्या गेल्या.

त्यानंतर मुली पलीकडून वाऱ्यासारख्या निघून जाऊ लागल्या. कोणाला कोणाची अडचण होत नव्हती. राधाकिशनराव पावलांचा आवाज ऐकून उगाच मान वळवत, तोवर पाठीच दिसत.

भिंतीच्या टोकाला शेळ्या राखणारा आश्रुबा एकदा म्हणाला, "सायेब, झ्याक काम केलं बगा. आता कुनाला कुनाशी बोलायची गरजच न्हाई."

"होय," राधाकिशनराव म्हणाले. "तसेच झाले खरे."

काही दिवसांनी वाऱ्याने आणि शेळ्यांच्या खुरांनी रेषा मध्येच पुसली. पिशवीत थोडी फक्की शिल्लक होती. ती घेऊन राधाकिशनराव त्या मोकळ्या जागी आले आणि हात आखडून उभे राहिले. रेषा नसली की मुली पुन्हा मधून धावतील. मधून धावल्या की साइड मागावी लागेल. पिशवी तशीच घरी नेली, तर विचारणार कोण होते?

दुरून वैष्णवी येताना दिसली. गुडघ्यावरची खपली अजून काळीच होती, आणि त्या पायावर ती जरा जपून भार देत होती.

ते वाकले. मोडकी जागा मुठीमुठीने, आधीच्या रेषेला सरळ जुळवून, त्यांनी भरून काढली. मग भुऱ्याला जवळ ओढून उताराकडे सरकले.

वैष्णवी पाण्याच्या बाजूने गेली. नजर पुढे, श्वास लयीत. कोणी अडवले नाही, म्हणून तिने काही मागितलेही नाही.

ते कडेला सरकले तसा भुऱ्या जुन्या सवयीने खाली बसला होता. ती दिसेनाशी झाली तरी उठेना. राधाकिशनरावांनी दावे हलकेच ओढून पाहिले. तो मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

राधाकिशनरावांनी हातावरचा चुना धोतराला पुसला.

"जा लेकी, जा," ते रिकाम्या वाटेला म्हणाले. तेव्हा कुठे भुऱ्या उठला.