सुखीबाईच्या हाताची पिशवी

परत आलेलं पार्सल सुखीबाईने स्वतः उघडलं, तिथेच पंचाईत झाली. सून जया घरी असती तर तिने ते गुपचूप कपाटात सरकवलं असतं. पण जया महागावला पार्सलांचे खोके आणायला गेली होती. आणि पार्सलातून निघाली ती सुखीबाईने एकवीस दिवस खपून कशिदा भरलेली, कवड्या लावलेली पिशवी. सोबतची चिठ्ठी तिने मुलाकडून, लखनकडून वाचून घेतली. ‘फोटोतल्यासारखी नाही,’ एवढंच लिहिलं होतं.

"आजपासून मी सुई धरत नाई," सुखीबाईने जाहीर केलं.

जयाचं दुकान म्हणजे वेबसाइट. चार वर्षांपूर्वी तिने ती काढली तेव्हा अख्खा तांडा हसला होता. आपल्या आज्यांच्या घागऱ्यांवरचा कशिदा पैसे देऊन घेणार कोण? आता बावीस बाया तिच्यासाठी भरत होत्या आणि माल पार गुवाहाटीपर्यंत जात होता. हसणारे आता आपल्या सुनांना तिच्याकडे पाठवत. पण त्या बायांना टाका शिकवला होता सुखीबाईने. ती उठली की बाकीच्याही उठणार, आणि दुकानाला टाळं लागणार.

जया आली, पिशवी पाहिली, काय झालं ते उमगलं.

"फोटोतल्यासारखीच भर ना याडी," लखन आईला म्हणाला. "कायले दर वक्ती येगळं करतं?"

"एक नक्षी दुसऱ्यांदा भरनं म्हंजे उष्टं वाढनं!" सुखीबाई कडाडली. "तुह्या बायकोले इचार."

जयाला विचारायची गरज नव्हती. तीही तांड्यातलीच लेक. घागरा पाठमोरा दिसला तरी कोणाचा हात ते ओळखणाऱ्या बायांत वाढलेली. आणि तरी मोठ्या दुकानांचं पाहून तिने साऱ्या पिशव्यांना मिळून एकच फोटो लावला होता. शहाणा माणूस आपल्याच अंगणात ठेचकाळतो, तसं झालं.

"चूक माही हाये, याडी," ती सासूला म्हणाली. "तुह्या हाताची नाई."

पण-बिण काही नाही. सुखीबाई बघतच राहिली. आजवर तिचा माल घेणाऱ्या प्रत्येकाने खोट तिच्याच टाक्यात काढली होती.

जयाने पिशवी परत पाठवणाऱ्या बाईचे पैसे परत केले आणि दुकान पाच दिवस बंद ठेवलं. दिवाळी दहा दिवसांवर! लखनने कपाळावर हात मारला.

"ऐन सीझनात धंदा बुडवतं का?"

"खोट्या फोटोवर माल इकला तं तसाई बुडनच."

घरात एकशे त्रेसष्ट नग होते. जयाने एकेक उन्हात धरला, त्याचा वेगळा फोटो काढला, खाली भरणारीचं नाव आणि लागलेले दिवस लिहिले. जेवण विसरली, मान आखडली, पण एकही नग सोडला नाही. सुखीबाई दारात तूर निवडत होती. निवडून झालेली तूरच पुन्हा निवडत होती, कारण नजर सुनेवर होती. पोरगी मोठी जिद्दीची आहे, या विचाराने तिचा ऊर भरून येत होता.

परत आलेली पिशवी जयाने वेबसाइटवर सगळ्यांच्या वर लावली. ‘सुखीबाई. एकवीस दिवस.’ किंमत एका रुपयानेही उतरवली नाही.

"वापस आलेली चीज कोन घेईन वं?" सुखीबाईने विचारलं.

"पाहू."

सहाव्या दिवशी दुकान उघडलं. संध्याकाळपर्यंत दोन फुटकळ ऑर्डरी. जयाचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी जयाच्या फोनवर निरोप आला. साताऱ्याच्या एका बाईने ती पिशवी घेतली होती. जयाने निरोप मोठ्याने वाचला, "सुखीबाईंनी भरलेलं आणखी काही आहे का? मला त्यांच्याच हातचं हवंय."

"अजून एक डाव वाच," सुखीबाई म्हणाली.

जयाने वाचलं. सुखीबाईने डोळ्यांना पदर लावला, मग घसा खाकरून ताठ बसली.

"लिव तिले. भेटन म्हना, पन थांबा लागन," ती म्हणाली. "अन् या पिशवीसारखीच पायजे म्हनन, तं नाई भेटनार."